हातचे अकरा

काकाचे तीन फोन समुद्रात गेले.
चौथा मी घेऊ दिला नाही.
जाळी सांधणाऱ्याला दोन्ही हात लागतात,
तिसरा असता तर हानुसनं त्यातही सुई धरली असती.
म्हणून मनगट.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मिठाच्या गोदामावरच्या खोलीत
घड्याळात रेडिओ बसवायला घेतला तेव्हा
दुपारी तीनलाच अंधार पडत होता.
पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यावर तीन स्टेशनं मावतात,
चौथ्याचं नाव मधेच कापलं जातं.
हानुस म्हणाला, मला एकच पुरे.
वारा सांगतात आणि कोण गेलं ते सांगतात, ते.

पहिला आठवडा:
हात खाली गेला की रेडिओ गप्प.
बघत नाही म्हणजे नकोय,
अशी घड्याळाची समजूत.
गाठ मारायला काका वाकायचा, निवेदिका वाक्यात मरायची.
मग हात कपाळापाशी, की ती पुन्हा जिवंत.
पलीकडच्या बोटीवरचा रोई
तीन दिवस उलट सलाम करत राहिला.

ते निस्तरलं, तर बॅटरी.
सकाळी शंभर, जेवताना चाळीस,
आणि वाऱ्याच्या बातमीला नेमकं काळं तोंड.
स्टेशनचं चिन्ह काढलं. हलत्या लहरी काढल्या.
सेकंदकाटा काढला.
घड्याळातून घड्याळ वजा करत गेले
तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत आवाज टिकला.

राहिला बोगदा.
समुद्राखालून बस जाते, तिथे शब्दांना भोकं पडायची.
जाळीला पडतात तशी, काका म्हणाला,
फक्त तुला सांधता येत नाहीत.

येतात.
बेरजेत शिकवतात ना, हातचा एक,
तसे मी हातचे अकरा ठेवले:
अकरा सेकंदांचा आवाज आधी भरून घ्यायचा,
मग वाजवायला सुरुवात.
वाट तुटली तरी पुंजीवर चालतं.
बस बोगद्यात शिरली, बाहेर पडली,
एक अक्षर सांडलं नाही.
त्या रात्री मी एकटीनं अख्खा केक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हानुस जिना चढून आला, धापा टाकत.
मार्युन, हे खोटं बोलतं.
पडद्यावर बारा वाजून गेले,
आणि बाराचे ठोके नंतर पडले.
एकाच डबीत दोन वेळा कशा?

मी समजावलं. थेट म्हणजे अगदी थेट नसतं,
सगळ्यांनाच थोडं उशिरा पोचतं.
तो माझ्याकडे असा पाहत राहिला
जसा शिळा मासा ताजा म्हणून विकणाऱ्याकडे पाहतो.
मी म्हटलं, बरं, कमी करते. दोनवर आणते.
मग बोगद्यात तुटलं तर मला बोलायचं नाही.

आठ दिवस दोनवर खटपट केली.
तुटत होतं. खरं वाजत होतं, पण तुटत होतं.

मग तो गुरुवार. सव्वाबाराची यादी.
खाली धक्क्यावर रोईचा मोठा रेडिओ लावलेला,
काकाच्या मनगटावर माझी जुनी आवृत्ती, अकरावाली.
रोईच्या रेडिओनं युस्तिनुसचं नाव घेतलं.
चाळीस वर्षं दोघं एकाच बोटीवर होते.
मी खिडकीतून पाहिलं:
काकानं सुई खाली ठेवली,
मनगट कानाशी नेलं,
आणि थांबला.

काय ऐकत होता माहीत नाही.
हवामानाचं शेपूट असेल,
वायव्येकडून वारा, लाटा तीन मीटर.
मग त्याच्याही घड्याळात ते नाव आलं असणार,
कारण त्यानं हात खाली सोडला.
आवाज बंद झाला नाही.
ते मी दुरुस्त केलं होतं.

संध्याकाळी घड्याळ चार्जिंगला लावायला आला.
नवं तयार आहे का, विचारलं नाही.
मीही दोनवाली चढवली नाही.
जिन्यात वळून एवढंच म्हणाला,
ते अकरा राहू दे.
आणि चौथ्या स्टेशनचं नाव नीट लिही, वाचता येत नाही.