हातचा

गणित विभागातून मला दोन दिवसांसाठी मागून नेलं.
टेबल, छत्री, आणि लाल पुठ्ठ्याचं गुणांचं पुस्तक:
शंभर मीटरला अकरा चाळीस, म्हणजे सातशे चौऱ्याहत्तर.
साडेसहा मीटर उडी, सहाशे सत्त्याण्णव.
घामाला असा भाव ठरलेला असतो
हे मला ठाऊक नव्हतं. बरं वाटलं.

आठ पोरं, आठ कॉलेजं.
पहिल्या दिवशी मी चेहरे बघितलेच नाहीत,
छातीवरचे नंबर तेवढे.
वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास होता.
गोळाफेकीचे पंच म्हणाले, वारा जोतिबाकडनं सुटलाय,
उडीवाल्यांना फावणार.

उन्हं कलली, चारशे मीटर झाली
आणि सत्तावीस नंबर वाकून ओकला,
चूळ भरली, टेबलापाशी आला.
"मॅडम, किती झालं?"
कुरुंदवाडचा भरतेश मगदूम.
पहिला आहेस म्हटलं, एक्केचाळीस गुणांनी.
त्याने तो आकडा गुळाच्या खड्यासारखा
गालात धरला
आणि बूट हातात घेऊन, अनवाणी, हॉस्टेलकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बांबूउडी.
(बांबू म्हणायचं. असतो फायबरचा.)
भरतेशच्या कॉलेजात तो नव्हताच.
गारगोटीच्या इरफान शिकलगारने
स्वतःचा एसटीच्या टपावर बांधून आणलेला,
कंडक्टर म्हणे तिकीट फाडायला निघाला होता,
"ह्यो लगेज न्हाई बाबा, ह्यो पॅसेंजर हाय."
पहिल्यात आणि दुसऱ्यात मिळून एकच बांबू.
इरफान उडी मारायचा, गादीवरून उतरायचा,
मुठीची जागा शर्टाने पुसायचा
आणि भरतेशला द्यायचा.

भरतेशने खालच्या उंच्या सोडल्या.
थेट तीन वीसला उभा राहिला.
एकदा मांडी लागली.
एकदा धावत आला आणि आडव्या दांडीखालूनच निघून गेला,
जणू दुसऱ्याच कामाला चाललेला.
तिसऱ्यांदा वर गेला. खरंच गेला. मी पाहिलं,
पोट आत, पाय आकाशात,
दांडी थरथरली, थांबली,
आणि तो गादीत पडून हसायला लागल्यावर
दोरीवरून टॉवेल घसरावा
तशी खाली आली.

रकान्यात शून्य लिहायचं असतं.
तीस वर्षं मी वर्गात सांगत आलेय,
शून्य मिळवलं तर काही बदलत नाही.
खोटं नाही ते.
पेन दोनदा झटकलं, शाई होती.

भाला झाला. कुणी नीट बघितला नाही, मीही नाही.

मग पंधराशे.
त्याचे सर म्हणाले, राहू दे आता, पाय वाचव.
"दहाचं हाय न्हवं सर," तो म्हणाला,
"नऊ करून गावात काय सांगू?"

पहिल्या फेरीपासून पुढे तोच.
मागे इरफान, कागलचा रणधीर, बाकीचे सुटत गेलेले.
वळणावर मागे बघून ओरडायचा,
"चल की मर्दा, झोपलास व्हय!"
कोणाला, ते दोघांनाही कळलं असावं.
इरफानचं तोंड उघडं, मान वाकडी,
नजर समोरच्या सत्तावीसच्या पाठीवर.

नंतर आठही जण तांबड्या ट्रॅकवर आडवे.
कोण जिंकलं त्यांना माहीत नाही.
मलाही नाही, अजून.
सगळं मैदान माझ्या पेनाकडे बघत होतं
आणि मी उजवीकडून बेरीज करत होते,
एककाचे चार, हातचा तीन.
हातचा उत्तरात लिहीत नाहीत.
बोटावर धरतात,
पुढच्या घरात सोडून देतात.

इरफान. नऊ गुणांनी.
नऊ म्हणजे पंधराशेला दीडएक सेकंद,
पुस्तक उघडून मी पुन्हा पाहिलं.

"मॅडम, आणि माझं?"
सहावा, म्हटलं.
"बरं," म्हणाला. जरा थांबला.
"पंधराशेचं किती दिलं?"
सहाशे त्र्याण्णव.
मान हलवली, जसं काही भाव पटला.

दिवे लागले तेव्हा दोघं गेटातून बाहेर पडत होते,
बांबूचं पुढचं टोक इरफानच्या खांद्यावर,
मागचं भरतेशच्या,
मध्ये तो हलकेच वाकलेला, झुलणारा,
आणि रिक्षावाला ओरडत होता,
आरं बाजूला घ्या की त्यो.