कलम दोन : व्याख्या

मी कायदे करत नाही, कायद्यांची वाक्यं करतो.
माँटपेलियरच्या राज्यगृहात, तळमजल्यावर,
जिथे मार्चमध्ये प्रत्येकाच्या बुटाला लागून
थोडा थोडा चिखल लोकशाहीत येतो.

यंदा टेबलावर एकच विधेयक :
आभासी चलन, ब्लॉकचेन, ग्राहक संरक्षण. मसुदा सतरावा.
ग्राहक म्हणजे कोण, एवढं लिहायला तीन आठवडे गेले.
"व्यक्ती" लिहिलं, तर कंपनीचा वकील म्हणाला, कंपनीही व्यक्तीच.
"विकत घेणारी" लिहिलं, तर म्हणाला, इथे कुणी काही विकतच नाही,
इथे नुसत्या नोंदी होतात,
हजारो यंत्रांवर एकाच क्षणी, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या.
फार सुंदर बोलला. माझंही पेन जरा थांबलं.

मग खोली क्रमांक अकरात लोर्ना थिबो आल्या.
वय एकोणऐंशी. मेपलच्या पाकाचा धंदा, आता मुलाकडे.
कोट काढला नाही.
म्हणाल्या, फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणाला,
तुमच्या खात्यावर चोर टपलेत, पैसे सुरक्षित जागी हलवा.
सुरक्षित जागा म्हणजे पेट्रोल पंपावरचं दुकान,
बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीज
आणि गळाला लावायच्या गांडुळांचे डबे
यांच्या मधोमध उभं एक यंत्र.
नोटा एकेक करून घालायच्या.
चुरगळलेली आली की ते बाहेर ढकलायचं.
त्या ती मांडीवर सपाट करायच्या, पुन्हा घालायच्या.
"इतकं चोखंदळ होतं हो ते,
मला वाटलं, प्रामाणिक असणार."

कुणी हसलं नाही.
वकील हळू आवाजात म्हणाला, नोंद आहे, मॅडम,
प्रत्येक डॉलरची. कधीच पुसली जाणार नाही.
खरंय. काळ्या दगडावरची रेघ.
अठरा हजार चारशे कुठल्या पत्त्यावर गेले, कुठल्या सेकंदाला,
सगळ्या जगाला दिसतं.
त्या पत्त्याला दार तेवढं नाही.
साखळीला लाखो कड्या,
वाजवायला एकही नाही.

कलम सात : नव्या ग्राहकाला रोजची मर्यादा,
फसवणूक झाली तर शुल्कासह परतावा.
नवा म्हणजे पहिल्या व्यवहारापासून चौदा दिवस.
आधी एकवीस होते. वाटाघाटीत सात गेले.
मीच खोडले, पट्टी लावून, सरळ.

बाईंनी कॅलेंडरचं पान आणलं होतं.
पहिली नोट चार तारखेला.
शेवटचा भरणा, सगळ्यात मोठा, एकोणिसाला.
मी टेबलाखाली बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
सोळावा दिवस.
सोळाव्या दिवशी माणूस जुना होतो, सराईत होतो,
माझ्याच व्याख्येनुसार.

अध्यक्षांनी समजावलं, कायदा झाला तरी मागचं भरून देणार नाही.
वरातीमागून घोडं, हे तर आमच्या खात्याचं बोधवाक्यच.
त्या म्हणाल्या, "माहितेय.
माझ्या शेजारणीला काल फोन आलाय."

संध्याकाळी पायऱ्यांवर दिसल्या, मुलाची गाडी यायची होती.
साक्षीदाराची चिठ्ठी, छातीवर लावायची,
मांडीवर ठेवून सपाट करत होत्या.

मला मत नाही. मला समास आहे.
अठराव्या मसुद्याच्या समासात लिहिलं :
चौदाच का? सोळावा दिवस पाहावा.
पेन्सिलीनं.
कुणालाही पुसता येईल असं.