चौदा नंबर

पाटी शोधायला आधी कपाट रिकामं करावं लागलं.
बँकेला ती हवी: कागदाची, कारखान्यात चिकटवलेली,
घराचा जन्मदाखलाच म्हणा.
बाबांच्या शर्टांमागे सापडली,
कडा उंदरानं खाल्लेल्या, आकडे शाबूत.
अनुक्रमांक, साल एकोणीसशे ऐंशी,
छतावर बर्फ किती चालेल, वारा कुठवर सोसेल,
आणि बोटभर नकाशा,
त्यात नेमका आमच्या ओक्लाहोमावर कॉफीचा डाग.
बाहेरची लाल पट्टी मात्र
पत्र्यावर पत्रा ठोकताना बाबांनी कायमची गाडली.

"निम्मं झालं," एफ्रेन म्हणाला,
आणि पॅनेलचं दार उघडून त्यानं शीळ घातली.

आत बाबांचं अक्षर. सुताराची पेन्सिल.
एक: चूल.
तीन: कपडे वाळवायचं मशीन.
पाच: कोरिनची खोली (मी तिथे सव्वीस वर्षं झोपलेली नाही).
सात: फ्रीजर, आत हरीण आहे, हात लावाल तर बघा.
नऊ: जमिनीखालच्या पाइपांची ऊब.
अकरा लिहिलेलं, खोडलेलं, परत लिहिलेलं, परत खोडलेलं.
चौदासमोर काहीच नाही,
नुसता एक करडा डाग.

मग तो एकेक खटका पाडायला लागला
आणि मी घरभर फिरायला.
"गेलं?"
"बाथरूम गेलं!"
"आता?"
"पंखा गेला, दिवा आहे!"
चौदा फूट रुंद, साठ फूट लांब घर.
या टोकाची हाक त्या टोकाला
पातळ होऊन पोचते.

"चौदा. गेलं?"
"नाही."
"नीट बघ."
टोस्टर लावून पाहिला. रेडिओ लावून पाहिला.
पलंग सरकवून, धुळीतल्या सॉकेटात
नाइटलॅम्प खुपसून पाहिला.
"सगळं चालू आहे, एफ्रेन."
"पण पाडायच्या आधी चार अँपिअर जात होते,"
तो चिमटा-मीटर दाखवत म्हणाला,
"आणि वीज काही रस्ता चुकत नाही."

तेवढ्यात दारावर थाप.
युनिस पिकरेल, लॉट तेवीस,
घरातल्या सपाता, नाकाखाली नळी,
नळीचं दुसरं टोक हातात, कशालाच न जोडलेलं.
"तुमच्याकडे आहे का गं लाइट?
माझं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं."

एफ्रेननं खटका वर केला.
वारा जरा थांबला तेव्हा
शेजारून मशीनची गुरगुर ऐकू आली.

घराखालचा पत्रा काढून तो पोटावर सरपटत गेला.
केशरी तार, बागेच्या हिरव्या नळीत घातलेली,
नळी वीतभर मातीखाली,
सरळ तिच्या पायरीपर्यंत.

"कंपनीनं माझी तोडली," युनिस म्हणाली,
"तेव्हा व्हर्जिल म्हणाला, हिवाळ्यापुरतं घे.
कुठला हिवाळा, ते मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही."

एफ्रेन गुडघे झटकत राहिला.
हे असं ठेवता येणार नाही, म्हणाला,
बागेची नळी म्हणजे बागेची नळी.
गुरुवारी खांब आणतो, मीटर हिच्या नावावर,
पैशांचं मग बघू.
"आणि तोवर?"
त्यानं पेन्सिल माझ्याकडे दिली.
"नियम आहे. प्रत्येक खटक्यासमोर काहीतरी हवं."

मी बाबांसारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं:
युनिस.

तिनं चष्मा चढवला, वाकून वाचलं,
एक श्वास घेतला, मग दुसरा.
"अगं पुस ते.
पार्कचा मॅनेजर दर महिन्याला हे दार उघडतो.
व्हर्जिलनंही आधी लिहिलंच होतं."

अंगठा ओला करून मी घासलं.
सुताराची पेन्सिल. पुरती जात नाही.