उतारा आणि उतार

अर्जाला मिळकतीचा उतारा लागतो,
पाइपला उतार.
सव्वीस वर्षं माझ्याकडे महापालिकेचा परवाना आहे.
उतारा मी कुणालाही काढून देतो, दोन खेटे, एक चहा.
उतार असतो किंवा नसतो.

राजमणी गाजुलच्या घरात नव्हता.
दत्त नगरातली बोळ. डांबरावर डांबर, वर काँक्रीट,
दर निवडणुकीला रस्ता चार बोटं चढला
आणि घर होतं तिथंच राहिलं.
दोन पायऱ्या उतरून आत जायचं आता.
लेव्हलची नळी काढली. एक टोक तिच्या हातात, मोरीपाशी,
दुसरं माझ्या, चेंबरवर.
मी नीरु म्हणतो, ती नीळ्ळू, अर्जात सांडपाणी,
पण नळीत ते एकाच भाषेत थांबतं:
चेंबरचा तळ मोरीहून वीतभर वर.

"म्हणजे?"
"म्हणजे अक्का, जोडलं तर गावाचं तुमच्या घरात येईल."
तिनं विडीचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.
"नियम वाच."

वाचले.
चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार.
वळणाला चेंबर. पन्हाळीचं पाणी मैल्याच्या लाइनीत नको.
जुनी टाकी उपसून, तळ फोडून, मुरुमानं भरायची.
रंगाचं पाणी सोडायचं नाही —
इथं ती हसली.
डाइंग बंद पडून अकरा वर्षं झाली,
नवऱ्याची नखं मात्र
जाळेपर्यंत निळी होती.
दुसऱ्याच्या जागेतून पाइप नेल्यास त्याची लेखी संमती.
इथं हसली नाही.

मागची लाइन खोल आहे. पण मागं दीर आहे, कनकय्या.
मधे एकच भिंत, आणि सतरा वर्षं.
कशावरून ते दोघांनाही मी विचारलं नाही;
प्लंबरला भिंतीच्या पलीकडचं कळतंच, वासावरून.

कनकय्याच्या पडवीत बापाच्या मागाचा खड्डा तसाच.
माग भंगारात गेला, खड्डा कोण घेणार?
मी टेप टाकला. बरोबर त्यातूनच जात होती रेघ.
खोदाई अर्धी वाचत होती, तेही सांगितलं.
तो खड्ड्याच्या काठावर बसला, पाय आत सोडून,
आणि पाय आपोआप हलले, एक डावा, एक उजवा,
पावड्या नसताना.
मग म्हणाला, "तिचं पाणी जाऊ दे.
ती नको."
सही केली तेलुगूत.

झोनमधला कारकून म्हणाला, "हे काय जिलेबीसारखं?"
मी खाली लिहिलं: वरील सही माझ्यासमक्ष, हत्तुरे शिवशरण, परवानाधारक.
जिलेबी तेवढी पुढे सरकली.

नियमात चाचणी आहे.
लाइन पाण्यानं भरा, दहा मिनिटं थांबा, सांधे बघा.
नियम लिहिणाऱ्याच्या घरी रोज पाणी येत असावं.
आमच्याकडे चौथा दिवस होता, नळ उद्या रात्री.
तिचं पिंप तळाला आलेलं. मागायचं कसं?
न मागता तिनं बादली दिली. मग अर्धी.
अजून लागणार होतं, ते मी बोललो नाही.
भिंतीवर एक घागर आली.
आली, एवढंच म्हणतो; हात दिसला नाही.

ओतलं.
पलीकडून कनकय्याचा आवाज, खड्ड्यातून, जरा दबका:
"पोयिंदि."
गेलं.
तिनं इकडून पदर खोचत विचारलं, त्याला नाही, मला,
"थांबलं तर नाही ना कुठं?"
मी भिंतीकडे तोंड करून तेच विचारलं.
"नाही म्हणावं तिला," तो म्हणाला.
म्हटलं.

रस्ता खोदाईचे पैसे तिनं आगाऊ भरले होते,
विड्यांच्या मजुरीतून, तीन हप्त्यांत.
रस्ता खोदलाच नाही.
परताव्याचा अर्ज वेगळा असतो.
त्यालाही उतारा लागतो.