अळणी

गळ्यावरची रेघ पांढरी पडली होती.
सहा वर्षांत गळपट्टाही सुटला तिचा.
गळ्याशी आलं होतं ते काढून टाकलं,
असं आम्ही गावभर सांगून मोकळे:
पोस्टातल्या बाईला, पाद्र्याला,
शेजारच्या गोनेरीला दोनदा, त्याला कमी ऐकू येतं.

मग मार्चमधल्या मोठ्या ओहोटीला
शेवाळाची टोपली उचलताना
एरवेलीन मध्येच थांबली.
खुब्यात काहीतरी चावलं, म्हणाली.
मी म्हटलं, वय चावलं.

हे वाक्य मला परत घेता येत नाही.

रेनच्या इस्पितळात पडद्यावर
तिचं पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके,
सागरी नकाशात खडक दाखवतात तसे.
आमच्या किनाऱ्याचे खडक मी नावानिशी ओळखतो.
यांना नावं नव्हती, मणक्यांचे आकडे होते.

या गळ्यातल्याच पेशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हाडात राहायला गेल्यात,
पण अजून गळ्यात असल्यासारख्या वागतात,
आयोडीन दिसलं की पितात.
म्हणून तेच देऊ, किरणांचं. पितील आणि मरतील.
म्हणजे खाल्ल्या मिठाला जागतात अजून.
खुब्यातली गाठ मात्र
पीत नाही. तिचं वेगळं बघू.

एरवेलीनचा आजा वाळूतल्या दगडी चरांत
शेवाळ जाळायचा, डोळे सुजेपर्यंत,
आयोडीनच्या कारखान्यासाठी.
ती हाडाची शेवाळवाली, सगळे म्हणतात.
मीही म्हणायचो.
हल्ली तो शब्द तोंडाशी येतो आणि मी हवामानाबद्दल बोलतो.

औषधाआधी तीन आठवडे समुद्र बंद.
मासे नाहीत, कालवं नाहीत,
खारवलेलं लोणी नाही.
या गावात अळणी लोणी
दुकानदाराने फडताळाच्या मागून शोधून दिलं,
तारीख पुसून, लाजत.
मीही तेच खातो. ती म्हणते, नाटकं करू नकोस.

काल होडी लावून उशिरा आलो.
मनगटावर खारं पाणी सुकून पांढरं झालेलं.
तिने हात ओढून घेतला,
जिभेच्या टोकाने एकदाच टिपलं.
बाईंना सांगू नकोस, म्हणाली,
आणि डाव्या कुशीवर वळायला
उशी, माझा खांदा, पलंगाची कड,
सगळं वापरून
बराच वेळ घेतला.

मग अंधारात विचारलं,
उद्या ओहोटी किती वाजता.