तिसरा हात

एकतीस वर्षं नोकरी केली टाउन हॉलच्या संग्रहालयात,
त्यातली निम्मी एका वीतभर देवाच्या राखणीत.
काशाचा, दाढीवाला, दर्याचा मालक.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला, पंचगंगेच्या काठी;
इथून समुद्र म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरायचा
आणि मग विचारत जायचं.
देवाचा हात अजून उगारलेला आहे.
हातातलं हत्यार कधी गळालं, कुणाला ठाऊक नाही.

दर गुरुवारी होवाळ सर यायचे,
छत्री दाराशी, पेपर काखेत.
काचेसमोर उभं राहून म्हणायचे,
"मुजावर, ज्यांनी हा ओतला त्यांच्याही दप्तरात
शेवटच्या वर्षी 'सर्व ठीक' असंच लिहिलेलं असणार."
मी म्हणायचो, सर, चहा सांगू?
"इतिहासात पस्तीसला पास करतो आपण.
पोरालाही, देशालाही.
उतरतोय मुजावर, पायरी पायरीनं,
आणि प्रत्येक पायरीवर एक सत्कार,
शाल, नारळ, फोटो."
बिनसाखरेचा चहा प्यायचे, आणि वर खारी.

एकोणीसच्या पुरात
तालमीच्या पोरांबरोबर मी नावेत होतो.
नदीकडेच्या नव्या अपार्टमेंटच्या जिन्यात
पाणी सातव्या पायरीवर,
आणि आठवीवर होवाळ सर,
मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले तीन ग्रंथ.
मला माहीतच नव्हतं त्यांनी इथं घर घेतलंय.
सर, तुम्ही तरी?
ते नावेत बसले, चष्मा पुसला,
बराच वेळ वल्ह्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"स्वस्त होता."

हसलो नाही मी. हसायला तोंड पाहिजे.

माझं घर शुक्रवार पेठेत.
भिंतीवर पाचची रेघ कमरेला,
एकोणीसची छातीच्या वर,
एकवीसची तिच्याही वर चार बोटं.
त्यानंतर घर पाडून बांधलं, जिन्याकडची ती एक भिंत ठेवून.
इंजिनिअरनं विचारलं, जोतं किती उचलायचं?
मी टेप धरून रेघ मोजली, आकडा सांगितला.
त्यानं कागदावर खर्च लिहिला.
मी कागद बघितला, पुन्हा रेघ बघितली,
धाकटीचं लग्न मार्गशीर्षात होतं.
म्हणालो, एक फूट कमी करा.

एवढा एक फूट.
ज्या माणसानं एकतीस वर्षं
बुडालेल्या गावाची खापरं पुसली, नंबर टाकून मांडली,
त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला.
आता सर गुरुवारी घरीच येतात,
देश कुठं चाललाय ते सांगतात,
आणि मी पायाखालची फरशी बघत बसतो.

रुखसानाला विचारा, मोठा पूर कोणत्या साली?
चुकीचं सांगेल. भांडेल वर.
पण मिरगाच्या आधी पिठाचा डबा, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक
माळ्यावर गेलेलं असतं,
आणि कुणाशी काही बोलणं झालेलं नसतं.
सरांना हे एकदा सांगितलं.
"डब्यानं राष्ट्र वाचत नाही," म्हणाले.
खरं असेल.
जाताना मात्र त्यांनी माळ्याकडे मान वर करून बघितलं.

परवा रंगारी आला, कळंब्याचा पोरगा, कानात हेडफोन.
जिन्याकडच्या भिंतीशी थांबला.
"चाचा, ह्या रेघा ठेवायच्या का मारायच्या?"
पाहुणे येणार होते. मोतिया रंग धाकटीनं निवडलेला.
मी म्हणालो, मार.
पहिला हात मारला, वाळला.
दुसरा हात मारला.
संध्याकाळी दिवा लावला तर
मोतिया रंगातनं पिवळट, तेलकट,
छातीच्या वर, त्याच उंचीला,
रेघ पुन्हा आलेली.
पोरानं बोट फिरवून बघितलं.
"गाळाचं असतंय हे, आत मुरलेलं.
तिसरा हात मारू?
त्याचे पैसे वेगळे पडतील."