काळी रेघ

डार्लिंग्टनच्या या हॉलच्या फरशीवर
पाच खेळांच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या.
बॅडमिंटनची पिवळी, नेटबॉलची लाल,
एक निळी आहे ती कशाची, मॉरीनलाही आठवत नाही,
आणि सत्तावीस वर्षं किल्ल्या तिच्याकडे आहेत.
नव्या पोरांना मी आधी एवढंच सांगते:
आपली काळी.
बाकीच्या दिसल्या तरी बघायच्या नाहीत.

मंगळवारी सहा ते साडेसात.
हीटर पंधरा मिनिटं खोकतो, मग गप्प होतो.
अबेना उडी मारते आणि हवेतच विचार करत बसते.
टोमाशच्या पास द्यायचं अगदी जिवावर येतं,
चेंडू पोटाशी धरतो, थंडीत गरम पाव धरावा तसा.
आणि डेमी-ली, अकरा वर्षांची, सगळ्यांत बुटकी,
कमरेपासून दोन्ही हातांनी चेंडू भिरकावते,
बादलीतलं पाणी अंगणात फेकावं तसा.

"हाताला आत्ताच वळण लावा तिच्या,"
तिचा बाप बाकावरून म्हणतो.
टायरच्या दुकानातून तसाच येतो, नखांत काळं,
आणि आमचा लहान चेंडू, खाली घेतलेली रिंग बघून हसतो:
"बाळांची रिंग."

मला नागपूरचे दाभाडे सर आठवतात.
मे महिना, सिमेंटचं कोर्ट,
मोठ्यांचा जड चेंडू,
दोनशे शॉट झाल्याशिवाय पाणी नाही.
वळण लागलं. खोटं कशाला बोलू,
राज्याच्या संघात खेळले मी त्या वळणावर.
आज वरच्या दांडीवर कपडे वाळत घालताना
उजवा खांदा कट् करतो
आणि मी मनातल्या मनात म्हणते, हजर, सर.

नोव्हेंबरात मिडल्सब्रोच्या पोरांनी धुतलं आम्हाला,
एक्केचाळीस-एकोणीस.
शेवटच्या मिनिटाला, हरून झालेल्या सामन्यात,
डेमी-ली सुटलेल्या चेंडूमागे धावली
आणि मनगटावर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याच खोलीत.
दिवसा मी एक्स-रे काढते.
शिट्टीशिवाय तिनं मला आधी ओळखलंच नाही,
मग खुंटीवरचा शिशाचा झगा बघून म्हणाली,
"ही तुमची जर्सी?"

पडद्यावर हाडं उमटली.
बाप पुढे झुकला. त्याच्या नखाची काळी कड
बरोबर त्या जागी थांबली:
"तुटलंय. ही काय रेघ."

सांगायचा अधिकार माझा नाही, तो डॉक्टरांचा.
तरी सांगितलं.
ही रेघ असायलाच हवी.
हाड अजून जुळलेलं नाही इथे, फट आहे,
उंची इथूनच येते.
बाहेरून काही भरता येत नाही तिच्यात.
तुमच्या हातात ती आता नाही. माझ्याही नाही.

तो बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला,
तिथलं काहीतरी कुणी न विचारता नेल्यासारखा.

नुसतीच मुरगळ निघाली. तीन आठवडे पट्टी.
"बसून बघ," मी म्हटलं होतं. बसेल कसली?
डाव्या हातानं सुरू.
त्या हाताला कुणी काही शिकवलेलं नाही अजून,
त्यामुळे चेंडू फळीखाली, भिंतीवर,
एकदा टोमाशच्या कानावर.
बाप काही बोलला नाही.
बाकामागे गेलेले चेंडू तेवढे आणून देत होता,
रिंग आहे तिथेच होती.

मॉरीन दिवे घालवायला लागली, मागच्या ओळीपासून.
डेमी-ली बुटाची नाडी एका हातानं ओढत म्हणाली,
"ती रेघ अजून आहे माझ्यात?"
आहे.
"किती दिवस राहील?"
तीन-चार वर्षं, फार तर.
तिनं पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांवर मोजलं.
"म्हणजे भरपूर," म्हणाली,
आणि चेंडू मागितला.